वेलची न घातलेला केक

वन्सं, आकाशकंदील लावला. दिवाळीला नाही, नाताळला. तुम्ही भाद्रपदात गेलात, त्यामुळे यंदा दिवाळीला घरात तळण नाही, गोड नाही, आणि कंदील माळ्यावरच राहिला. नाताळच्या चार दिवस आधी तुमच्या या धाकट्या भावाला काय वाटलं कोण जाणे, स्टुलावर चढून त्यांनी तो गॅलरीत टांगला आणि बल्बही बदलला. खाली उतरून म्हणाले, "ताईला आवडलं असतं." मी म्हटलं, "ताईंनी नावं ठेवली असती. वाकडा लागलाय." होताच वाकडा. तसाच राहू दिला.

या कंदिलावरून आपण किती वर्षं भांडलो? माझ्या माहेरी साताऱ्यात त्रिपुरी पौर्णिमा झाली की कंदील उतरायचा. इथं झाशीला लग्न होऊन आले तर तुम्ही तो नाताळपर्यंत हलू द्यायच्या नाहीत. चांदणीच्या आकाराचा आहे ना, मग दोन्ही सणांना चालतो, हा तुमचा हिशेब. "बल्बला काय कळतं नीला, सण कोणता चाललाय ते?" सीपरी बाजारातले सगळे शेजारी तुम्हाला विचारायचे, "बुआजी, आपके यहाँ दिवाली खतम नहीं होती क्या?" आणि तुम्ही म्हणायच्या, "होती है, आराम से होती है।" मला तेव्हा या उत्तराचा राग यायचा. आता ते मीच देते. परवा समोरच्या वर्माबाईंना दिलं.

आपलं घर देवघराचं, सोवळ्याओवळ्याचं, चार पिढ्या झाशीत राहिलेलं. त्यात नाताळ शिरला तो तुमच्यामुळे. कॅन्टोन्मेंटमधल्या मिशनच्या शाळेत तुम्ही गणित शिकवायला लागलात, आणि पहिल्याच डिसेंबरात स्टाफरूममधल्या कुणा बाईंनी तुम्हाला भट्टीवरच्या केकची वाट दाखवली. साताऱ्याच्या माझ्या बहिणींना हे सांगूनही खरं वाटत नाही. इकडे नाताळचा केक विकत आणत नाहीत आणि घरीही करत नाहीत. मैदा, साखर, तूप, पेठा, संत्र्याचा मुरंबा, काजू असं सगळं सामान आपलं, पत्र्याचे डबे आपले, आणि ते घेऊन सदर बाजारच्या बेकरीत नंबर लावून बसायचं. कारागीर आपल्यासमोर फेटतो, डब्यांत ओततो, डब्यावर नावाची चिठ्ठी लावतो. डबे भट्टीत गेले की दोन तास जागचं उठायचं नाही, नाहीतर आपला केक दुसऱ्याच्या घरी जातो.

अंडी घरात यायची नाहीत हा सासूबाईंचा नियम. म्हणून अंडी तुम्ही तिथंच घ्यायच्या आणि तिथंच फोडून घ्यायच्या. सासूबाई केकचे दोन तुकडे खायच्या, तिसरा मागायच्या, आणि वर म्हणायच्या, "भट्टीत भाजलेलं आहे, त्याला काही होत नाही." त्यांना सगळं ठाऊक होतं असं तुमचं मत. माझं मत, नव्हतं. हाही वाद राहिलाच.

पण आपला खरा वाद वेलचीचा. माझं म्हणणं सरळ होतं. इतकं तूप, इतकी साखर, इतका सुकामेवा घालायचा आणि वेलची नाही, हे कसं काय? सुंठ चालते, जायफळ चालतं, मग वेलचीनं काय पाप केलंय? तुम्ही चष्म्यावरून बघायच्या, वर्गात एखाद्या पोरीनं पाढा चुकवल्यासारखं, आणि म्हणायच्या, "इलायची शिऱ्यात. केकमध्ये घातली की त्याचा शिरा होऊन जातो." दर नाताळच्या सकाळी गच्चीवर, उन्हात, केक कापला जायचा. मी पहिला घास घ्यायची आणि निकाल द्यायची, "चांगला झालाय, पण वेलची हवी होती." मग तुमचं ते शिऱ्याचं वाक्य. मुलं या दोन वाक्यांची वाट बघत बसायची. ती बोलून झाली की मगच दोघं केकला हात लावायची.

मुलं. इथं मला जरा थांबावं लागतंय, वन्सं, कारण जे तुम्ही असताना सांगितलं नाही ते इथंच आहे.

मेधा हैदराबादला गेली, सलील बंगळूरला. दिवाळीला मेधा सासरी, सलीलला दोनच दिवस सुट्टी. मी चकल्या, अनारसे, करंज्या करून कुरिअरनं पाठवायची आणि फोनवर त्यांचं खाणं ऐकायची. नाताळला मात्र दोघं हजर. धुक्यानं गाडी सहा सहा तास उशिरा, तरी हजर. आल्या आल्या "आत्या!" म्हणून तुमच्या खोलीत. तुमच्या रजईत पाय घालून, तिळाची गजक खात, कुठल्या कुठल्या गोष्टी. मी स्वयंपाकघरातून ऐकायची. मला मत्सर वाटायचा. आता लिहूनच टाकते, वाटायचा. दोन वर्षांपूर्वी मटार सोलताना मी तुम्हाला बोलूनही गेले, "तुमच्या नाताळानं माझी दिवाळी खाल्ली." तुम्ही मटाराचं टोपलं माझ्याकडे सरकवलंत आणि म्हणालात, "मुलं कोणत्या सणाला आली हे विचारत नको बसू. आली ना? वाढ त्यांना." मी वाढलं. पण बोललेलं मागे घेतलं नाही. घेईन घेईन म्हणत राहिले, आणि मग भाद्रपद आला.

ऑक्टोबरात मेधाचा फोन आला. "आई, यंदा नाताळला... यायचं का?" आणि मी, कसली मेली अक्कल, म्हणाले, "तुमची सोय बघा. आत्या नाही आता." फोन ठेवला आणि लगेच कळलं, आपण परीक्षा घेतोय. नाही आली तर समजायचं की ती कधीच माझ्याकडे येत नव्हती, तुमच्याकडे येत होती. दोन आठवडे फोनवर कुणी तो विषय काढला नाही. मी घाबरले होते, वन्सं. मग एक दिवस ह्यांच्या मोबाईलवर तिकिटं आली, दोघांची. ह्यांनी चष्मा पुसून तीन वेळा वाचली.

आली दोघं. जावयांना सुट्टी नव्हती, मेधा एकटीच आली. पहिल्या संध्याकाळी जेवणं झाल्यावर हीटरभोवती बसलो होतो, तेव्हा ती सहज म्हणाली, "पुढच्या वर्षी तुम्हीच या ना हैदराबादला. सलीलपण तिकडेच येईल. धुकं नाही, गाडी लेट नाही. इथं आता..." आणि थांबली. सलील मोजे ओढत बसला. ह्यांनी पेपर उलटला. वाक्य मनातल्या मनात मी पुरं केलं: इथं आता आहे कोण. तिचं काही चुकलं नव्हतं. पण मला कळून चुकलं की यंदा आली ती तुमच्या आठवणीसाठी, पहिलं वर्ष म्हणून. पुढच्या वर्षी या घरात नाताळला आम्ही दोघं म्हातारे नसणार, किंवा दोघंच असणार. घराला कुलूप नाहीतर घरात शुकशुकाट.

दुसऱ्या दिवशी सकाळी केकचा नंबर होता. सलील म्हणाला, "मी येतो, डबे जड आहेत." मी त्याला नको म्हटलं. का, ते तुम्हाला सांगायला हरकत नाही. माझ्या पर्समध्ये वेलचीपुडीची एक पुडी होती, कागदात बांधून, रुमालाखाली लपवून. म्हटलं, इतकी वर्षं ऐकून घेतलं, आता अडवायला कोण आहे? एकदा घालून बघायचीच. तुम्ही गेल्यावर तुम्हाला हरवायला निघालेली मी, ऑटोत केकचे डबे मांडीवर घेऊन बसलेली. थोडी लाज वाटत होती, थोडी मजाही वाटत होती.

बेकरीत मी तुमच्याबरोबर कधी आले नव्हते. लाकडं जळत होती, आठ-दहा बायका आपापले डबे राखत बसल्या होत्या, कुणी विणत होती, कुणी फोनवर सुनेला ओरडत होती. भट्टीवाल्या नईमभाईंनी डबे बघूनच ओळखलं. "बुआजी के घर से हो न?" मग खांद्यावरच्या गमछ्यानं एक स्टूल पुसलं. "इतै बैठो बहूजी, इतै धुआँ नईं लगहै। बुआजी इतईं बैठत तीं।" मी तुमच्या जागी बसले. त्यांनी पिशवी उघडली, एकेक वस्तू काढून ओळीनं मांडली, तूप हुंगलं, पेठा दाबून बघितला.

"सब है," म्हणाले. "पुड़िया?"

"कौन सी पुड़िया?"

"इलायची की। बुआजी रूमाल में बाँध के लाती थीं।"

मी म्हटलं, तुमची काहीतरी चूक होतेय, आमच्या ताई केकमध्ये वेलची घालत नसत. नईमभाई हसायला लागले. हातातला मैदा झटकत म्हणाले, "सात-आठ बरस से डलवा रही थीं। हर बार कहती थीं, नईमभाई, घर में किसी से कहियो मत, हमारी भावज जीत जाएगी।"

वन्सं!

सात-आठ वर्षं! सात-आठ वर्षं दर नाताळला मी वेलची घातलेला केक खाल्ला, डोळे मिटून, चवीचवीनं, आणि जाहीर केलं की वेलची हवी होती! आणि तुम्ही समोर बसून, एक स्नायू न हलवता, शिऱ्याचं वाक्य म्हणालात! आणि ती वेलची आली कुठून? माझ्याच फडताळातून! दर दिवाळीनंतर माझी वेलचीपूड कमी भरायची आणि मी ह्यांच्यावर डाफरायची, "चहात किती घालता?" आणि हे बिचारे म्हणायचे, "मी घालतच नाही." मी म्हणायची, "मग काय वेलचीला पाय फुटले?"

मला हसू आवरेना. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मग ते हसण्याचं राहिलं नाही. तुम्ही गेल्यावर इतक्या दिवसांत मी लोकांसमोर रडले नव्हते, आणि रडले ती भट्टीसमोर, अनोळखी बायकांत, वेलचीवरून. नईमभाई घाबरले. "धुआँ लग रओ का, बहूजी?" मी म्हटलं, "हाँ, धुआँ ही है।" मग पर्स उघडली, रुमाल काढला आणि पुडी त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती उघडून बघितली, माझ्याकडे बघितलं, आणि ती परातीत उपडी केली.

दोन तास बसून मी एकच विचार करत होते. कशासाठी केलंत हे? एखाद्या वर्षी गंमत म्हणून घालून बघितली आणि आवडली, पण गणिताच्या मिसनं दिलेलं उत्तर बदलायचं कसं? की मला आवडते म्हणून घालत होतात, आणि मला आवडते म्हणून घातली हे कबूल करायचं नव्हतं? दोन्ही तुम्हाला शोभतं. मला दुसरं हवंय, पण पहिलंही मी हसत घेईन. आणि एक लक्षात आलं. वेलची घातल्याचं तुम्ही एकदा सांगून टाकलं असतं, तर त्या सकाळी गच्चीवर मला बोलायला वाक्यच उरलं नसतं. ते वाक्य तुम्ही मला दरवर्षी बोलू दिलंत. मुलांसमोर, केक तुमचा असताना, निकाल माझा असायचा.

डबे भट्टीतून निघाले. चिठ्ठी वाचली तर नईमभाईंनी सवयीनं "बुआजी" लिहिलं होतं. बदलायला लावलं नाही. घरी आल्यावर ह्यांनी दारातच वास घेतला. मी ह्यांच्याकडे रोखून बघितलं. "तुम्हाला माहीत होतं?" "काय?" "वेलचीचं." ह्यांनी कंदिलाकडे बघितलं. "मला कशाला विचारतेस? वेलचीला तर पाय फुटतात ना?" म्हणजे माहीत होतं. तुम्ही बहीणभाऊ एकाच माळेचे मणी, हे मला लग्नाच्या पहिल्या वर्षीच कळायला हवं होतं.

नाताळच्या सकाळी धुकं उतरायला अकरा वाजले. मग गच्चीवर सतरंजी, पेरू, मटारच्या करंज्या, चहाचा थर्मास. तुमची खुर्ची ह्यांनी आणली आणि कुठं ठेवायची ते न कळून पाण्याच्या टाकीजवळ ठेवली. मेधानं केक कापला. चौघांच्या हातात तुकडे आले. चौघांनी घास घेतला. मेधाचे डोळे भरले होते. "आत्याचाच आहे," एवढं म्हणाली. आणि मग तिघंही माझ्याकडे बघायला लागले, कारण आता माझं वाक्य होतं.

ते मी कसं म्हणू? तोंडात वेलची होती. आणि म्हटलं तरी पुढचं वाक्य म्हणणारं कोण होतं? मी तुमच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत घास चावत राहिले. 

शेवटी सलील घसा खाकरून, अगदी माझ्या आवाजात, डोळे मिटून म्हणाला, "चांगला झालाय, पण वेलची हवी होती."

मला सांभाळून घेण्यासाठी म्हणाला, हे मला कळलं. त्याला जवळ घेऊन सगळं सांगून टाकावं असं तोंडावर आलं होतं. पण मी चष्मा नाकावर खाली केला, त्याच्याकडे चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, "इलायची शिऱ्यात. केकमध्ये घातली की त्याचा शिरा होऊन जातो."

मग ह्यांना हसताना ठसका लागला, मेधा रडता रडता हसत त्यांच्या पाठीवर थापट्या मारायला लागली, आणि सलील केकचा तुकडा हातात नाचवत म्हणाला, "वा! म्हणजे तू पार्टी बदललीस? इतकी वर्षं आम्ही तुझ्या बाजूनं होतो! ते काही नाही. पुढच्या वर्षी भट्टीवर मी बसणार, आणि मी घालणार. घालून दाखवतो, मग बोल."

"माझ्या जिवंतपणी नाही," मी म्हटलं.

"मी त्याच्याबरोबर जाणार," मेधा म्हणाली. "तो एकटा गेला तर डबे हरवून येईल. आई, पुढच्या वर्षी नंबर चोवीसचाच घे हं. आम्ही तेवीसला पोचू."

हैदराबादचं नाव कुणी काढलं नाही. मी सगळ्यांना दुसरा तुकडा वाढला. ऊन तुमच्या खुर्चीवर आलं होतं, म्हणून ह्यांनी ती ओढून आमच्यात आणली आणि तिच्यावर थर्मास ठेवला.

आज सकाळी दोघं गेली. रजया उन्हात टाकल्या आहेत, केकचा अर्धा डबा उरलाय, तो मी आणि हे चहाबरोबर संपवू. जाताना सलील पाया पडला तेव्हा मी त्याला विचारलं, "दिवाळीला बघशील का जमतं का?" तो म्हणाला, "बघतो. पण नाताळ नक्की." आणि वन्सं, मला वाईट वाटलं नाही. माझी दिवाळी कुणी खाल्ली नव्हती. मटार सोलताना बोलले ते मागे घेते. उशीर झाला, पण घेते. मुलं या घरी येत राहिली ती तुम्ही त्यांना यायला काहीतरी ठेवलंत म्हणून, आणि त्यात मलाही एक वाक्य ठेवलंत. याचे आभार मानायचे राहिले होते.

तुम्ही तोंड इतकं सरळ कसं ठेवायच्या, हे मात्र मला आता कळतंय. आतून फार गुदगुल्या होतात.

उद्या सदरला जायचंय. काम एवढंच आहे, नईमभाईंना आत्ताच सांगून ठेवायचं: पुढच्या नाताळला माझा मुलगा येईल, खिशात पुडी लपवून आणेल, आणि आपण पहिल्यांदाच घालतोय असं त्याला वाटेल. त्याला काही बोलू नका.